दाराबाहेर गेला तो उठला

जेवणे आटोपली होती आणि घर सुस्तावले होते. वरच्या मजल्यावर नाना आरामखुर्चीत झोपले होते. मधल्या मजल्यावरच्या दालनात चार मोठे पडदे कुणी पाहत नसतानाही उजळत होते. चारहींवर खेळातली एकच टेकडी होती. तिच्यावरचे गवत हलत होते, ढग एकामागून एक सरकत होते आणि पाठीला तलवार लावलेली एक मुलगी, कुणीतरी येऊन आपल्याला चालवील या भरवशावर, नुसती उभी होती. अधूनमधून ती कपाळावरचे केस मागे सारी, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेई. तिला घाई नव्हती. त्या दुपारी घाई होती ती फक्त थोरल्या सुनेला.

संध्याकाळच्या कॉफीला कंपनीची प्रतिनिधी येणार होती. खेळाच्या नव्या कन्सोलच्या वितरणाचा या सबंध भागातला मक्ता एकट्या नानांना मिळणार होता. नानांनी होकार दिला, की येत्या हंगामभर ठरलेल्या संख्येने डबे येत राहणार होते, मग ते विकले जावोत वा न जावोत. त्या हमीला तारण म्हणून ही इमारत लिहून द्यायची होती: खालचे गोदाम, मधले दालन आणि वरचे घर. नानांचे मन ठरलेले होते, कारण बाजाराची तब्येत त्यांच्या मते ठणठणीत होती. गेल्या वर्षी हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यापासून ते रोज तिन्हीसांजेला एकच प्रश्न विचारत आले होते आणि रोज त्यांना एकच उत्तर मिळत आले होते.

"उठाव काय म्हणतो?"

"जोरात आहे, नाना."

'उठाव' या शब्दाला कोशात दोन खोल्या दिलेल्या आहेत. एकीत बंडखोर राहतात, दुसरीत व्यापारी, आणि मधल्या भिंतीला दार ठेवण्याची गरज कोणत्याही कोशकाराला वाटलेली नाही. नानांनी व्यापाऱ्यांच्या खोलीत आपली स्वतःची एक व्याख्या आणून ठेवली होती: दाराबाहेर गेला तो उठला. ही व्याख्या टंचाईच्या काळात जन्मली होती. तेव्हा पहाटेपासून लोक गोदामासमोर रांग लावत आणि उंबरठा ओलांडलेला डबा रस्त्यातच फोडला जाई. त्या काळी ती अक्षरशः खरी होती. परंतु व्याख्या ज्या परिस्थितीच्या पोटी जन्मते ती परिस्थिती मेली, तरी व्याख्या मागे उरते आणि मृताच्या नावाने सह्या करीत राहते. जगातल्या बऱ्याचशा विद्वत्तेचा आणि झाडून साऱ्या अर्थव्यवहाराचा उदरनिर्वाह अशाच सह्यांवर चालतो.

थोरली सून संख्याशास्त्राची प्राध्यापिका होती. घरातले तिला वहिनी म्हणत. धंद्याचा चढता आलेख गेले वर्षभर तीच काढत आली होती. कंपनीने तो वाखाणला होता, चौकटीत घालून परत पाठवला होता, आणि जिन्याच्या वळणावर तो टांगलेलाही होता. त्या दुपारी मात्र ती दालनाच्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या टेबलाशी उभी राहून रिकाम्या लाकडावरून हात फिरवीत होती.

"ताई, हे टेबल बघ."

ताई म्हणजे नानांची लेक. ती मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती. माणसांना हलकेच झोपवायचे आणि वेळेवर जागे करायचे हा तिचा पेशा होता. घरात मात्र ती त्यातले पहिलेच काम करी.

"काय बघू? स्वच्छ आहे."

"तेच बघ. दुरुस्तीवाला होता ना आपला, तो इथे नखं कापत बसायचा. शेवटी भावजींनी त्याला दुसरीकडे लावलं."

"बरं झालं की. माल चांगला आहे, बिघडत नाही."

"वर्षभर उठाव चढता आहे ताई, आणि एक पंखा अडकू नये? एका पोराने हरल्यावर कंट्रोलर भिंतीवर फेकू नये? यंत्र घरात गेलं की थोड्या दिवसांनी दुसरा कंट्रोलर जातो, वायर जाते, कुणी सरबत सांडतं. आपल्याकडे यातलं काहीच जात नाही. फक्त डबे जातात." वहिनी तिच्याकडे वळली. "तुमच्या रुग्णालयात वर्षभर एकही पेशंट आला नाही, तर तू काय म्हणशील? गाव निरोगी आहे?"

"म्हणेन, गावच नाही," ताई म्हणाली. म्हणून गेल्यावर तिला आपण काय म्हणालो ते ऐकू आले.

पडद्यावरच्या चारही मुलींनी एकदम केस मागे सारले.

"मी आज नानांना सांगणार आहे," वहिनी म्हणाली. "ती बाई यायच्या आत."

"वेडी आहेस का? त्यांना धक्का द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. सांगताना मी स्वतः तिथे होते."

"आणि घर गेल्यावर? तो धक्का कुठल्या वर्गात मोडतो?"

ताईच्या डोळ्यांपुढे आपल्या फ्लॅटमधली मागची खोली उभी राहिली. जमिनीपासून छतापर्यंत त्याच त्या निळ्या डब्यांच्या रांगा, आणि मध्ये, दिवाणापुरती सोडलेली जागा. पहिला डबा तिने नाना अतिदक्षता विभागातून बाहेर आले त्या आठवड्यात नेला होता. "ताई, एक उठला का गं?" असे त्यांनी उशीवरून विचारले होते. "हो" म्हणण्यापेक्षा एक डबा उचलून गाडीत टाकणे तिला अधिक प्रामाणिक वाटले होते. पुढे ते अंगवळणी पडले. रात्रपाळीहून आली की ती त्याच दिवाणावर आडवी होई, आणि झोप लागता लागता तिला वाटे की डब्यांच्या आत कुणीतरी अगदी सावकाश श्वास घेत आहे, आणि आपण मात्रा बरोबर दिलेली आहे.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "माझ्या मागच्या खोलीत बरेच आहेत."

"काय?"

"डबे."

वहिनीने डोळे मिटून घेतले. आलेखातला एक ठिपका तिने मनातल्या मनात पुसला आणि रेघ किती खाली येते ते पाहिले. ती फारशी आली नाही. म्हणजे आणखीही कुणी होते.

खालच्या गोदामात दोघे भाऊ नव्या मालासाठी जागा मोजत होते. थोरल्याला सारे घाऊक म्हणत आणि धाकट्याला किरकोळ. ही नावे नानांनीच धंदा वाटून देताना गमतीने ठेवली होती. गंमत थोरल्याच्या वाट्याला गेली होती. धाकट्याच्या वाट्याला किरकोळ विक्रीची पाच दुकाने आली होती आणि तो शब्द.

"दादा, या नव्या यंत्राला फटच नाही," किरकोळ म्हणाला.

"कसली फट?"

"चकती घालायची. खेळ सगळे हवेतून उतरणार, घरबसल्या. मग माणूस माझ्या दुकानात कशाला येईल? यंत्रात मला सुटतं काय? जे सुटायचं ते चकत्यांवर, जुन्याच्या अदलाबदलीवर. आता मी विकू काय, डबा आणि त्याला बांधायची सुतळी?"

"जग बदलतं म्हणून रडत बसणं हा तुझा जोडधंदाच आहे."

"रडत नाहीये. तू बघ ना, पूर्वी यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं, गरिबाघरी जायचं. आता जुनं होतं आणि महाग होतं. म्हाताऱ्या घोड्याला जास्त भाव! पोरं फोनवर खेळतात, फुकट. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी केव्हाच घेतलं. बाजार दमलाय, दादा."

घाऊक हसला. त्याचे हसणे नेहमी वरून खाली येई. "दमलाय? आणि तुझ्याच दुकानांचा उठाव सगळ्यात जास्त! माझ्यापेक्षा जास्त. आपल्याच तोंडाने आपल्याच आकड्याला खोटं पाडायला निघालास?"

किरकोळला आपण कुठे येऊन उभे राहिलो ते कळले. गेले वर्षभर तो याच भिंतीकडे चालत आला होता, पाठमोरा. त्याच्या मोठ्या दुकानाला माळा होता. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा तो वर जाई आणि डब्यांच्या गल्ल्यांतून फिरे. तिथे त्याने नकळत चौक केले होते, एक लांब रस्ता केला होता आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हासाठी एक मोकळी जागा राखली होती. ते एक शहर होते आणि त्यात भांडण नव्हते. तिथे त्याला किरकोळ म्हणणारे कुणी राहत नव्हते.

"तो उठाव माझ्या माळ्यावर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे विकला नाही. इथून नेला आणि वर रचला. नाना विचारायचे, आणि तू शेजारी उभा राहून सांगायचास, 'माझे इतके उठले.' मग मी काय सांगू? नानांनी माझ्याकडे बघितलं की मला वाटायचं, यांचं हृदय माझ्याच आकड्यावर चाललंय."

घाऊक एका लाकडी फळीवर बसला. या घराच्या इतिहासात तो धाकट्यासमोर पहिल्यांदाच बसला होता.

"माझा सगळा जांगड आहे," तो म्हणाला.

"काय सांगतोस!"

"खपला तर पैसे द्या, नाही तर परत आणा, असं सांगून दिलाय. लहान दुकानदारांकडे. त्यांनी ठेवून घेतला, माझ्या भिडेखातर. अजून एकाचाही पैसा आलेला नाही, आणि परतही मीच आणू देत नाही."

"का?"

"परत आलेल्याला आपल्याकडे शब्द कुठंय?" घाऊक म्हणाला. "गेला तो उठला. आलेला काय?"

जिन्यावरून ताई खाली येत होती, मागे वहिनी. माळा आणि जांगड, दोन्ही कबुल्या दोघींनी ऐकल्या होत्या. ताई पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "माझी मागची खोली भरलीये. आता मी दिवाणावर झोपते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मग किरकोळला हसू फुटले. ते ताईला लागले आणि शेवटी घाऊकलाही, आणि घाऊकचे हसणे त्या दिवशी पहिल्यांदा खालून वर आले. लहानपणी तिघांनी मिळून एकच बशी फोडली होती आणि प्रत्येकाने ती आपणच फोडली असे सांगितले होते, तेव्हा ती जशी हसली असतील तशीच आता हसली. वर्षानुवर्षे या तिघांचे एकमत होईल असा एकही विषय घरात उरला नव्हता. आज निघाला होता.

"नानांचा बाजार म्हणजे आपण तिघं!" किरकोळ डोळे पुसत म्हणाला. "आणि कंपनी आपला आलेख चौकटीत घालते!"

"माझा आलेख," वहिनी म्हणाली.

हसणे थांबले. एकत्र हसणाऱ्यांना न हसणारे माणूस सहन होत नाही. ते खरे बोलणारे असेल तर मुळीच नाही.

"तू काही सांगायचं नाहीस," घाऊक बायकोला म्हणाला. "आज होकार जाऊ दे. नवा माल आला की त्याच्या धडाक्यात जुना मीच हळूहळू काढतो."

"कुठे काढतोस? ताईचं स्वयंपाकघर अजून रिकामं आहे म्हणून?"

"वहिनी, टोमणे नकोत," ताई म्हणाली. मघाशी दालनात ती निम्मी वहिनीच्या बाजूची झाली होती. पायऱ्या उतरता उतरता ते निम्मेपण गळून गेले होते. "आम्ही चुकलो असू. पण त्यांच्यासाठी काहीतरी केलं. तू काय केलंस? वर्षभरात एक डबा तरी उचललास?"

वहिनीने नानांना वेळेवर गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्याबरोबर रोज गच्चीत फेऱ्या मारल्या होत्या, त्यांच्या दुखण्याच्या तक्रारी ऐकून घेतल्या होत्या. पण खोटे बोलली नव्हती. या घरात प्रेमाची जी मोजणी झाली होती, तिच्यात तिच्या नावापुढे शून्य होते. तिने शिकवलेल्या शास्त्रात शून्याला मान होता. इथे त्याला आडनाव नव्हते.

वर नाना जागे झाले तेव्हा त्यांच्या स्वप्नातली रांग अजून पांगली नव्हती. ती गोदामाच्या दारापासून निघून रस्ता ओलांडून धुक्यात गेली होती, आणि तिच्यातला प्रत्येक माणूस आळीपाळीने त्यांच्याकडे पाहून मान हलवत होता. औषधांमुळे त्यांची स्वप्ने अलीकडे लांबत आणि जाग आखूड होई. मग त्यांना खालून हसू ऐकू आले. आधी वाटले, रांगेतलेच. नंतर ओळखले. त्यांची मुले हसत होती, तिघेही, एकत्र.

जिने चढायला-उतरायला त्यांना मनाई होती, म्हणून ते मालाच्या लिफ्टने उतरले. लिफ्ट जाळीची होती आणि तिला घाई ठाऊक नव्हती. मधला मजला हळूहळू वर गेला. चार पडदे, चार टेकड्या, निळसर गवत. क्षणभर त्यांना वाटले की आपण लिफ्टमध्ये नसून त्या टेकडीवरूनच खाली उतरत आहोत, आणि पायथ्याशी मुले वाट पाहत आहेत. आयुष्यभर त्यांनी ही यंत्रे विकली होती. आतल्या गावात काय असते ते त्यांना कधी विचारावेसे वाटले नव्हते. दर्यावर्दी पाण्याची चव पाहत नाही.

जाळी उघडली तेव्हा चौघे ओळीने उभे होते.

"काय विनोद झाला?" नानांनी विचारले. "मलाही सांगा."

घाऊकने पायाने फळी भिंतीकडे सरकवली.

"बरं, नका सांगू. कंपनीची ती मुलगी यायची वेळ झाली." त्यांनी नेहमीप्रमाणे हात मागे बांधले. "उठाव काय म्हणतो?"

"जोरात आहे, नाना," घाऊक म्हणाला. आणि त्याच्या मागोमाग, एकमेकांची कबुली अजून कानांत ताजी असताना, किरकोळ आणि ताईही तेच म्हणाले. तिघांचा सूर एक लागला.

"नाना," वहिनी म्हणाली, "उठाव नाही."

"सूनबाई?"

"माल उठलेला नाही. फक्त दाराबाहेर गेलाय. थोडा ताईच्या मागच्या खोलीत आहे. बराच भावजींच्या माळ्यावर आहे. उरलेला यांनी जांगड दिलाय, तो दुकानदारांकडे पडून आहे. खरी गिऱ्हाइकं शंभर डब्यांमागे दोन-तीन असतील, जास्त नाहीत. तुम्ही होकार दिलात, तर नवा मालही तिथेच जाईल, आणि मग हे घर."

"झालं समाधान?" घाऊक दातांतून म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, होईल."

ताई पुढे सरसावली. नानांनी तिला हातानेच थांबवले. ते पडले नाहीत. त्यांचा रंगही बदलला नाही. ते जवळच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि तिघांकडे एकेक करून पाहू लागले, जणू कुणीतरी त्यांची मुले नुकतीच बदलून आणली होती.

"तुला कुणी सांगितलं करायला?" त्यांनी घाऊकला विचारले.

"कुणी नाही."

"तुला?"

"तुम्ही खूश व्हायचात, नाना," किरकोळ म्हणाला. "मला जमेल तेवढंच केलं."

"म्हणजे वर्षभर गिऱ्हाईक मीच होतो." नानांनी हे कुणालाही उद्देशून म्हटले नाही. "आणि मला वाटलं, बरा झालो ते बाजार बघून."

"बरे झालात ते खरंच आहे," ताई म्हणाली.

"ते तू सांगू नकोस. तुझा आकडा आता मी कसा धरू?" मग ते वहिनीकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता आणि त्यात दया नव्हती. "सूनबाई, तू खरं सांगितलंस. घर वाचवलंस. त्याबद्दल तुझे उपकार मानायला हवेत. आज मानत नाही."

"नका मानू," वहिनी म्हणाली.

"वर्ष चांगलं गेलं होतं गं," नाना म्हणाले.

दारावरची घंटा वाजली.

कंपनीची प्रतिनिधी तरुण होती, नम्र होती, आणि लांबच्या प्रवासाने तिचे डोळे पेंगुळले होते. तिला दालनात बसवले गेले. कॉफी आली. पडद्यांच्या उजेडात सर्वांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते, आणि बोलणेही पाण्यातून यावे तसे थोडे उशिरा येत होते.

"तुमच्या भागाचा आलेख आम्ही सगळ्या सभांत दाखवतो," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे घसरण आहे. फक्त इथे चढ. वरचे साहेब विचारतात, या लोकांचं रहस्य काय?"

किरकोळने कॉफीत पाहिले.

"एक विचारू, बाई?" नाना म्हणाले. "तुमच्याकडे विकला गेला असं केव्हा म्हणतात?"

"आमच्या गोदामातून तुमच्याकडे निघाला की."

"दाराबाहेर गेला की."

"हो, तसंच म्हणा."

"आणि तुमच्या वरचे?"

"ते?" तिने एक जांभई शिताफीने गिळली. "कारखान्यातून निघाला की विकला. त्यावरूनच बातम्या येतात, इतके विकले, तितके विकले. सगळे तसंच मोजतात. का हो?"

"सहज."

नानांपुढे दारांची एक रांग उभी राहिली, कारखान्यापासून ताईच्या मागच्या खोलीपर्यंत, आणि प्रत्येक दारात कुणीतरी हात झटकून 'उठला' म्हणत होते. प्रत्येक दाराच्या वर कुणीतरी आरामखुर्चीत बसून ते ऐकत होते आणि आनंदाने झोपी जात होते. या जगात बाजार बाजार म्हणतात तो कदाचित एवढाच असेल: कुणाला तरी धक्का बसू नये म्हणून इतरांनी रचलेले डबे. फरक इतकाच, की वरच्या दारांत हे मायेपोटी होत नव्हते.

"होकार नाही, बाई," ते म्हणाले.

प्रतिनिधीची झोप उडाली. नानांच्या शब्दानंतर बोलायची पद्धत या घरात नव्हती, आणि बंड करायला लागतो तो आधार आज तिघांपैकी कुणाच्याही पायाखाली उरला नव्हता.

"पण नाना, मग हा भाग दुसऱ्याकडे जाईल. मागची सगळी वर्षं..."

"जाऊ द्या. फक्त त्याच्या मुलाबाळांची चौकशी करा. प्रेमळ असतील, तर देऊ नका."

ती अर्धवट हसली, कारण हे हसण्याजोगे आहे की नाही ते तिला कळेना. "वर कारण काय कळवू? आलेख इतका चांगला असताना? बाजाराची तब्येत तर..."

"बाजाराची नव्हे हो," नाना म्हणाले. "ती माझी तब्येत होती."

तिने दोघा भावांकडे पाहिले, मग सुनेकडे. तिने कॉफी संपवली, सर्वांचे आभार मानले, आणि घाऊक तिला सोडायला खाली गेला. त्याची पावले जिन्यावर जड वाजली. जाताना तो बायकोच्या खुर्चीमागून गेला. एरवी त्याचा हात सहज तिच्या खांद्यावर टेकून जाई. आज टेकला नाही. तो परत वर आला तेव्हाही तिच्याकडे न पाहता किरकोळच्या शेजारी बसला, आणि किरकोळने सरकून त्याला जागा दिली. ते दोघे एकत्र असे बसलेले वहिनीने कधी पाहिले नव्हते. निदान एवढे तरी तिने या घराला दिले होते, आणि त्यात तिला जागा नव्हती.

बाहेर उजेड उतरू लागला. रोजचा प्रश्न विचारण्याची वेळ आली आणि गेली. नानांनी तो पुन्हा विचारला नाही. त्यांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

"ताई, नाडी बघ."

ताई उठली. तिने मनगट धरले आणि आपल्या मनगटाकडे पाहिले. तिचे घड्याळ दुपारपासून वर, नानांच्या खुर्चीशी राहिले होते. वहिनी खुर्चीतून उठून आली, आपले घड्याळ काढले आणि टेबलावर तिला दिसेल असे धरले. ताईने एकदा तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात क्षमा नव्हती. पण तिने घड्याळ बाजूला सारले नाही.

"जो आकडा असेल तो सांग," नाना म्हणाले. "चढवू नकोस."

ताई मोजू लागली. दोघे भाऊ पुढे वाकले. मध्येच तिचे बोट किंचित दाबले गेले आणि थबकले. भूलतज्ज्ञाचा चेहरा अशा वेळी काहीही दाखवत नाही. तशी शिकवणच असते. तिने नानांकडे पाहिले, मग स्थिर धरलेल्या त्या घड्याळाकडे.

"एक ठोका चुकतोय, नाना."

"हं," नाना म्हणाले. "पुढे मोज."